विटेवरचा देव आणि चौकटीतला देव

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने १८२० च्या दशकात बर्लिन विद्यापीठात सौंदर्यशास्त्रावर जी व्याख्याने दिली आणि जी त्याच्या मृत्यूनंतर १८३५ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत त्याने असे प्रतिपादन केले की ग्रीक देवांच्या मूर्ती कितीही श्रेष्ठ वाटल्या आणि पिता-परमेश्वर, ख्रिस्त व मेरी यांची चित्रे कितीही परिपूर्ण उतरली, तरी आधुनिक माणसाचा गुडघा आता त्यांच्यापुढे टेकत नाही. हे विधान त्याने केवळ आपल्या शहरापुरते किंवा आपल्या पंथापुरते केले नव्हते. मानवी चैतन्याच्या प्रवासात प्रतिमेची पायरी मागे पडली आहे आणि तिची जागा विचाराने घेतली आहे, असा व्यापक सिद्धान्त त्यामागे होता. पाश्चात्त्य कलेचा इतिहास तिच्या गाजलेल्या चित्रांच्या आधारे सांगण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती कळत नकळत याच सिद्धान्तावर उभी आहे: चित्रकाराचे कौशल्य वाढत गेले, देव माणसासारखा दिसू लागला, आणि देवळातली पूज्य वस्तू हळूहळू संग्रहालयातली कलाकृती झाली. यातून जो प्रश्न निघतो तो धर्माचा आहे तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. प्रतिमा हुबेहूब झाली म्हणून पूजा सुटली, की पूजा सुटण्याची कारणे निराळीच होती?

युरोपात राहून या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड आहे, कारण तेथे कौशल्याची वाढ आणि पूजेची घट या दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकमेकींत गुंतून घडल्या. मुंबईत मात्र तेच तंत्र एकोणिसाव्या शतकात, जवळजवळ एका पिढीच्या अवधीत, तयार स्थितीत येऊन पोहोचले आणि ज्या समाजात ते आले त्याची पूजा अखंड चालू होती. गिरगावापासून दादर-वडाळ्यापर्यंतचा पट्टा त्यामुळे हेगेलच्या सिद्धान्ताची कसोटी पाहण्यासाठी फार सोयीचा ठरतो.

वडाळ्याच्या कात्रक रस्त्यावरील विठ्ठल मंदिर हे मुंबईकरांचे प्रतिपंढरपूर. मिठागरांच्या काळापासून चालत आलेल्या या देवस्थानाचा संबंध लोकपरंपरा थेट तुकोबांशी जोडते, आणि ज्यांना आषाढीला चंद्रभागेपर्यंत जाणे जमत नाही अशा गिरणगावातल्या व आसपासच्या कष्टकरी कुटुंबांच्या दिंड्या येथेच येऊन टेकतात. येथील देवाचे रूप पंढरपूरच्या देवासारखेच: दोन्ही पाय समान ठेवून विटेवर सरळ उभा, हात कटेवर, दृष्टी समोर. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याला या रूपात स्नायूंचा ताण सापडत नाही, वजन एका पायावर टाकल्याने कमरेत येणारा नैसर्गिक बाक सापडत नाही, आणि ग्रीक शिल्पाच्या कसोट्या लावल्या तर बहुतेक गुण वजाच होतात. तरीही दर्शनाच्या रांगेतील कोणालाही ही उणीव जाणवत नाही. देव काही करीत नाही, कोठे जात नाही, दुसऱ्या कोणाकडे पाहत नाही. तो फक्त समोर आलेल्याच्या समोर उभा आहे. भक्तासाठी वाट पाहत थांबलेला देव ही पुंडलिकाची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला या स्तब्धतेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ख्रिस्ती जगातील सर्वांत जुन्या पूज्य प्रतिमाही नेमक्या अशाच होत्या. इकॉन म्हणजे लाकडी फळीवर रंगविलेली ख्रिस्ताची, मेरीची किंवा संताची प्रतिमा. तीत पार्श्वभूमीला सोन्याचा मुलामा, चेहरा समोरासमोर, डोळे मोठे आणि भाव स्थिर असे. रशियन परंपरेत वस्त्रे आणि पार्श्वभूमी आधी रंगवून चेहरा सर्वांत शेवटी घेत, ज्याप्रमाणे लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी अखेरीस आणि अनुभवी हाताकडेच सोपविली जाते. काही इकॉन मनुष्याच्या हाताने घडलेलेच नाहीत, अशीही श्रद्धा होती. स्वयंभू देवस्थानांच्या महाराष्ट्राला ती कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. या प्रतिमांवरून बायझंटाईन साम्राज्यात आठव्या आणि नवव्या शतकांत मोठा संघर्ष झाला, सम्राटांनी त्या नष्ट करण्याचे हुकूम काढले, आणि ७८७ च्या दुसऱ्या नायसिया धर्मपरिषदेने असा निर्णय दिला की आराधना केवळ ईश्वराची होऊ शकते, परंतु प्रतिमेला आदर देणे योग्य आहे, कारण तो आदर प्रतिमेत न अडकता मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. वाद यानंतरही धुमसत राहिला आणि ८४३ मध्ये कायमचा मिटला. त्याआधी दमास्कसच्या जॉन या ख्रिस्ती धर्मपंडिताने जो युक्तिवाद केला होता तो आणखी मार्मिक होता: अदृश्य ईश्वराचे चित्र काढता येणार नाही हे खरे, पण जो देह धारण करून माणसांत वावरला त्याचे चित्र का काढू नये? अवतार मानणाऱ्या कोणाही हिंदूला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल, आणि सगुण-निर्गुणाचा झगडा आपल्याकडेच झाला अशी जी एक भाबडी समजूत आढळते तीही त्याने दूर व्हावी.

पाश्चात्त्य कलेच्या इतिहासात पुढचे निर्णायक चित्र कोणते यावर मतभेद होतील. बहुतेक लेखक इटालियन चित्रकार जोत्तोने पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनागृहात १३०५ च्या सुमारास रंगविलेली भित्तिचित्रे पुढे करतात. येथे मात्र त्याचा समकालीन दुच्चो याच्या एका कृतीकडे अधिक वेळ पाहणे योग्य ठरेल. सिएना या इटालियन नगराच्या मुख्य चर्चसाठी त्याने रंगविलेले भव्य वेदीचित्र, म्हणजे वेदीवर उभे करायचे लाकडी फलकांवरील चित्र, ९ जून १३११ रोजी त्याच्या कारखान्यातून चर्चपर्यंत मिरवणुकीने नेण्यात आले. त्या दिवशी दुकाने बंद राहिली, घंटा वाजत होत्या, बिशप आणि नगराचे अधिकारी पुढे चालत होते आणि मागून स्त्रिया व मुले येत होती, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. गणेशोत्सवापूर्वी परळच्या रस्त्यांवर निघणारी आगमनाची मिरवणूक ज्याने पाहिली आहे त्याला सिएनाचा तो दिवस समजून घेण्यासाठी कोणत्याही कलासमीक्षकाची गरज पडणार नाही. कारागिराच्या हातची वस्तू कारखान्यातून निघते आणि रस्त्यातच देवाची होऊ लागते, हा अनुभव दोन्हीकडे एकच आहे.

या वेदीचित्राची रचना त्याहूनही उद्बोधक होती, कारण ते दोन्ही बाजूंनी रंगविलेले होते. लोकांच्या बाजूला सिंहासनावर बसलेली मेरी, मांडीवर बालख्रिस्त आणि भोवती देवदूत व संत असे मोठे, समोरासमोरचे दृश्य होते. मागच्या बाजूला ख्रिस्ताच्या यातनांची कथा अनेक लहान लहान प्रसंगांतून सांगितली होती. दुच्चोने, किंवा त्याला काम देणाऱ्यांनी, एक भेद अचूक ओळखला होता. प्रतिमा दोन प्रकारची असते: एक भक्तासमोर उपस्थित राहते, दुसरी भक्ताला काही सांगते. पहिलीला चेहरा लागतो आणि दुसरीला प्रसंग. १७७१ मध्ये हे वेदीचित्र करवतीने कापून वेगळे करण्यात आले आणि त्याचे अनेक फलक पुढे विखुरले. त्यांतील काही लंडनच्या नॅशनल गॅलरीत, काही अमेरिकेत आहेत, तर मेरीचा मुख्य फलक सिएनातच, पण आता चर्चच्या संग्रहालयात आहे. जर्मन इतिहासकार हान्स बेल्टिंग याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिमेचे युग आणि कलेचे युग असा जो विभाग केला, त्याचा सगळा आशय या एका कृतीच्या चरित्रात सापडतो.

प्रबोधनकाळात घडले ते असे की दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेने पहिलीला झाकून टाकले. मसाच्चोने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये १४२७ च्या सुमारास त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वाचे, भित्तिचित्र रंगविताना यथादर्शनाचा, म्हणजे चित्रात आत जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळाल्यासारख्या दाखवून सपाट भिंतीवर खोली भासविण्याच्या गणिती पद्धतीचा, इतका काटेकोर उपयोग केला की भिंतीत खरोखरच एक कमानदार दालन कोरले आहे असे वाटावे. ही पद्धत चित्रातील जागा निश्चित करते, त्याबरोबरच पाहणाऱ्याचीही जागा निश्चित करते; तो एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक उंचीवर डोळा ठेवून उभा असलेला प्रेक्षक बनतो. लिओनार्दोच्या 'अखेरचे भोजन' या चित्रात (१४९५-९८) शिष्य एकमेकांकडे वळून बोलत आहेत, हात उंचावत आहेत आणि त्या खळबळीत पाहणाऱ्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नाही. हे चित्र मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, वेदीवर नाही, ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत ओझरती येते. तिला खरे तर फार महत्त्व आहे. पुढे काराव्हाज्जोने मेरीच्या मृत्यूचे चित्र काढताना फुगलेल्या पोटाची, उघड्या पायांची, खरोखर मेलेली स्त्री दाखविली, तेव्हा ज्या धर्मसंघाच्या चर्चसाठी ते होते त्याने ते नाकारले. आज ते पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. राफाएलची सिस्टीन मॅडोना तर नाकारलीही गेली नव्हती: पिआचेन्झाच्या मठातील वेदीवर दोनशेहून अधिक वर्षे राहिल्यावर ती १७५४ मध्ये सॅक्सनीच्या अधिपतीने विकत घेऊन ड्रेस्डेनला नेली. ज्या चित्रांपुढे हेगेलच्या पिढीचा गुडघा टेकत नव्हता, त्यांतील पुष्कळ चित्रे अशी विकत आणून दालनात टांगलेली होती. (सिएनाच्या शेतकऱ्याचा गुडघा टेकतो की नाही, याची बर्लिनमध्ये चौकशी झाल्याचे दिसत नाही.)

मुंबईत हे सारे उलट्या क्रमाने आले. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या कलाशाळेत विद्यार्थी ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश आणि शरीररचना शिकू लागले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६७ मध्ये, याच शहरात प्रार्थना समाज स्थापन झाला आणि त्याने मूर्तिपूजा त्याज्य ठरवली. मात्र समाजाच्या उपासनेत ज्यांचे अभंग गायिले जात ते तुकोबा आयुष्यभर विठ्ठलाच्या मूर्तीपुढे उभे राहिले होते, या विसंगतीचा निकाल त्या थोर सुधारकांना पूर्णपणे लावता आला असे म्हणता येत नाही. आणि १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. जर्मनीहून आणलेली यंत्रे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप आणि शेवटी तैलचित्रासारखी चमक अशी ओलिओग्राफची रीत होती. प्लेगच्या काळात तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, परंतु तोवर लक्ष्मी आणि सरस्वती चाळीतल्या खोलीखोलीत पोहोचल्या होत्या.

येथे पाश्चात्त्य कलाविचारातील आणखी एक प्रसिद्ध सिद्धान्त डळमळतो. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात लिहिलेल्या निबंधात असे मांडले की यंत्राने केलेल्या प्रतिकृतीमुळे मूळ कृतीभोवतीचे तेजोवलय नाहीसे होते आणि तिचे पूजामूल्य जाऊन प्रदर्शनमूल्य उरते. रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मीबाबत नेमके याच्या विरुद्ध घडले. मूळ तैलचित्र ही कलाकृती होती, आणि तिच्या हजारो स्वस्त प्रती देव झाल्या. त्यांना हळदकुंकू लागले, हार पडले, हौशी हातांनी त्यांवर टिकल्या आणि जरी चिकटवली. श्रद्धेला मूळ आणि नक्कल यांतील फरकाशी काही कर्तव्य नव्हते, कारण धातूचा टाक असो, सुपारी असो की कागद असो, देवाला आवाहन केल्यावरच ती वस्तू पूज्य होते ही तिची धारणा आधीपासूनची होती.

मग हुबेहूबपणाचे काय? त्याचे उत्तर त्याच छापखान्याच्या मालात आहे. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि रविवर्म्यांची शकुंतला या एकाच शैलीतल्या, एकाच छायाप्रकाशात न्हालेल्या, तितक्याच मांसल आणि तितक्याच जिवंत आहेत. परंतु पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेला कोणी उदबत्ती ओवाळली नाही, ती दिवाणखान्यात लागली. तिची दृष्टी चित्राबाहेरच्या दुष्यंताकडे आहे. कमळावर उभी लक्ष्मी समोर येते आणि पाहणाऱ्याला समोर घेते. मुंबईतल्या कॅथलिक घरांतही हीच वाटणी आढळते: लिओनार्दोचे भोजनदृश्य जेवणाच्या मेजाजवळच्या भिंतीवर, आणि अखंड दिवा, फुले व सायंप्रार्थना मात्र येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्रापुढे. या दुसऱ्या चित्राचे मूळ अठराव्या शतकातील रोममधील चित्रकार पोम्पेओ बातोनी याच्या एका कृतीत आहे. कलेच्या इतिहासात बातोनी दुय्यम मानला जातो आणि अनेक पुस्तकांत त्याचे नावही येत नाही, तरी कॅथलिक जगात त्याच्या ख्रिस्ताइतके नित्य पूजेत असलेले चित्र शोधून काढणे कठीण आहे. तो ख्रिस्त वास्तववादी शैलीतला आहे, त्याच्या वस्त्रांना चुण्या आहेत आणि त्वचेला रंग आहे. तरीही तो इकॉनप्रमाणे समोर पाहतो. तेव्हा देव माणसासारखा दिसतो की नाही यावर पूजा अवलंबून नाही. तो भक्ताकडे पाहतो की आपल्या कथेत गुंतला आहे, आणि त्याच्याभोवती नित्य उपचारांचे वर्तुळ आहे की नाही, या दोन गोष्टींवर ती अवलंबून आहे.

चित्रपट या सर्वांत वास्तवदर्शी माध्यमाच्या बाबतीतही हे खरे ठरले. दादासाहेब फाळके हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, रविवर्मा छापखान्याशी त्यांचा संबंध आलेला, आणि १९१० च्या सुमारास गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहत असताना त्यांच्या मनात राम, कृष्ण आणि गोकुळ उभे राहू लागले, असे त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत नोंदवले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्याचे बरेच काम वडाळ्यापासून जवळच, दादरच्या ज्या रस्त्याला आज फाळक्यांचे नाव आहे तेथे झाले. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडत, असे सांगितले जाते. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) या चित्रपटाचे जे तुकडे उपलब्ध आहेत त्यांत कृष्ण प्रेक्षकांकडे तोंड करून प्रकट होतो, जणू कॅमेऱ्याच्या जागी भक्तच उभा आहे. ख्रिस्ताच्या कथेतून फाळक्यांनी तंत्र उचलले आणि देव मात्र गाभाऱ्यातून आणला.

या मिश्रणावर आक्षेप घेणारेही थोडे नव्हते. कलाविचारक आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांना रविवर्म्यांची चित्रे नाटकी आणि पाश्चात्त्य अनुकरणाची वाटत, आणि शैलीपुरता विचार केला तर त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यांनी जो दोष कलाकृतीत पाहिला तो पूजकाच्या वाटेत कधी आडवा आला नाही. गोव्यात जन्मलेल्या चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांची अडचण नेमकी उलटी होती. त्यांनी शांतिनिकेतनात शिकून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रांत मेरीला साडी नेसवली, तेव्हा तिचे युरोपीय रूपच खरे मानणाऱ्या गोव्यातील कॅथलिकांनी नाके मुरडली. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा १९५९ चा काटेरी, कुरूप, वेदनेने वेडावलेला क्रूसावरील ख्रिस्त लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तो श्रेष्ठ आहे यात शंका नाही, परंतु त्याच्यापुढे मेणबत्ती लावण्याचे कोणाच्या मनात येणार नाही, आणि सूझांनाही ते अभिप्रेत नसावे.

पूज्य वस्तू आणि कलाकृती यांतील खरा फरक ती भंगल्यावर दिसतो. मायकेलअँजेलोची पिएता, म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मेरी, हिच्यावर मे १९७२ मध्ये एका माणसाने हातोड्याने घाव घातले. तेव्हा तुकडे गोळा करून तिची दुरुस्ती झाली आणि ती काचेआड गेली. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, ती पाण्यात सोडावी लागते, हा इकडचा रूढ नियम आहे. आणि शाडूची न भंगलेली मूर्तीही, मग ती वडाळ्याच्या राम मंदिरातील गौड सारस्वतांच्या गणपतीसारखी कितीही वैभवाने सजवलेली असो, अकराव्या दिवशी पाण्यातच जाते. तरीही ही विभागणी युरोप विरुद्ध भारत अशी करून मोकळे होता येत नाही. रोमच्या सेंट पीटर चर्चमधील संत पीटरच्या काशाच्या पुतळ्याचा उजवा पाय शतकानुशतके भाविकांच्या स्पर्शाने आणि चुंबनाने झिजून गुळगुळीत झाला आहे, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांची झीज थांबविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वज्रलेप, म्हणजे रासायनिक लेपन, करवून घ्यावे लागले आहे. एकाच मूर्तीवर जतनशास्त्राचा आणि पदस्पर्शदर्शनाचा असा दुहेरी हक्क आहे आणि दोघांपैकी कोणालाही माघार घेणे शक्य नाही.

हेगेलचे विधान त्यामुळे संग्रहालयापुरते खरे आहे. पाश्चात्त्य प्रतिमा पूजेबाहेर गेली ती चित्रकार फार चांगले काढू लागले म्हणून नव्हे. ती वेदीवरून उतरवली गेली, कापली गेली, विकली गेली आणि जिथे उपचार नाहीत अशा दालनात टांगली गेली म्हणून. मराठीत पाश्चात्त्य कलेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी मसाच्चो, लिओनार्दो आणि काराव्हाज्जो यांच्या पंक्तीत बातोनीच्या ख्रिस्तालाही बसवावे, आणि रविवर्म्यांच्या छापखान्यापासून चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या दिनदर्शिकांपर्यंतची ओळ त्याच इतिहासाचे मुंबईतले प्रकरण म्हणून त्यात घ्यावी.